बंद गिझर, चालू घोटाळा : एका एलिमेंटची उलटतपासणी

काकूंचा फोन आला तेव्हा त्यांनी गिझरचं नावही काढलं नाही. तक्रार इस्त्रीची होती.

"अरे, इस्त्री लावली की सगळ्या घराची लाइट जाते. नवी आणली, तरी तेच. आता इंडक्शनवर पाणी ठेवलं तरी जाते. एक जण बघून गेला, तो म्हणतो स्वयंपाकघराचं वायरिंग गेलंय, सगळं ओढून नवं टाकावं लागेल."

"इंडक्शनवर पाणी कसलं काकू?"

"आंघोळीचं. गिझर बंद ठेवलाय ना तीन आठवडे. तो लावला की लगेच जायची लाइट. म्हणून बंदच करून टाकला."

बिघाडाचं निदान या शेवटच्या वाक्यातच होतं, पण तेव्हा ते माझ्या कानावरून गेलं. बंद ठेवलेली वस्तू संशयितांच्या यादीतून आपोआप गळते. माझ्याही यादीतून ती गळली आणि त्यापायी पुढचा तास वाया गेला. हे प्रकरण सविस्तर लिहितोय ते मुख्यतः त्या तासासाठी. एलिमेंट, म्हणजे गिझरमधली पाणी तापवणारी कांडी, बदलणं हे तसं पाना-पकडीचं काम. कोणता भाग गेलाय हे ठरवणं मात्र इथे चांगलंच चकवणारं होतं.

आधीचा इतिहास

गिझर २५ लिटरचा, साठवणीचा, भिंतीवर उभा टांगलेला. एलिमेंट २००० वॉटचं, पुरवठा २३० व्होल्टचा. वय साधारण आठ वर्षं, पाणी बोअरचं आणि चांगलंच क्षारांचं. आठ वर्षांत गिझर एकदाही उघडलेला नव्हता.

काकूंना खोदून खोदून विचारल्यावर क्रम लागला तो असा. सुरुवातीला गिझर लावल्यावर दहा-बारा मिनिटांनी आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती झाली की घराचा पुरवठा तोडणारा बोर्डातला स्विच, पडायचा. वर केला की राहायचा, दुसऱ्या दिवशी कधी पडायचा, कधी नाही. असे काही दिवस गेले. मग स्विच दाबल्याबरोबर पडायला लागला. घरच्यांनी गिझरचा स्विच बंद केला आणि विषय संपला असं धरलं. प्लग मात्र सॉकेटमध्येच होता. गिझर उंचावर, प्लग त्याच्या मागे, कोण शिडी लावून काढणार?

पुढच्याच आठवड्यात इस्त्रीवर आरसीसीबी पडला. नंतर इंडक्शनवर. दोनदा तर संध्याकाळी, घरात दोन दिवे आणि पंखा सोडून काहीच चालू नसताना. आधी आलेल्या कारागिरानं आरसीसीबीच खराब म्हणून बदलला. फरक पडला नाही. मग त्यानं स्वयंपाकघरावर बोट ठेवलं. आणखी एका हितचिंतकाचा सल्ला होता की आरसीसीबी काढून तिथे साधा मेन स्विच टाका, कटकट मिटेल. या सल्ल्याकडे नंतर येतो, कारण तो पाळला असता तर कटकट खरोखरच मिटली असती आणि नेमकं तेच घातक होतं.

वाया गेलेला तास

आरसीसीबी करंट किती गेला हे बघत नाही. फेजमधून (वीज आणणाऱ्या तारेतून) गेलेला करंट तेवढाच न्यूट्रलमधून (परतीच्या तारेतून) परत आला का, एवढंच बघतो. दोन्हींत ३० मिलिॲम्पिअरचा फरक पडला की तो पडलाच पाहिजे. प्रत्यक्षात १५ ते ३० च्या मध्ये कुठेतरी पडतो. फरक पडला म्हणजे तेवढा करंट तिसऱ्या वाटेनं, बहुधा अर्थिंगमधून, गेला.

गळती कुठल्या सर्किटवर आहे हे शोधायची नेहमीची रीत सगळ्यांना माहीत असते. सगळे एमसीबी (प्रत्येक सर्किटचा, जास्त करंट गेला की पडणारा स्विच) खाली करायचे, आरसीसीबी वर करायचा आणि एकेक एमसीबी वर करत जायचं. ज्याच्यावर पडेल तो चोर. मीही तेच केलं. बाथरूमचा एमसीबी वर केला, काही नाही. दिव्यांचा, काही नाही. स्वयंपाकघराचा वर करून इंडक्शन लावलं, पडला. इंडक्शन त्या सॉकेटवरून काढून हॉलमध्ये लावलं, तिथेही पडला. मग इंडक्शनच खराब म्हणावं, तर इस्त्रीवरही पडत होता. दोन उपकरणं, दोन वेगळी सर्किटं आणि दोन्हींवर तोच निकाल. आधीचा कारागीर इथपर्यंत येऊन थांबला होता. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. पद्धत बरोबर होती, फक्त ती एक गोष्ट गृहीत धरते आणि तीच इथे खरी नव्हती.

एमसीबी एका पोलचे होते, म्हणजे ते फक्त फेज तोडतात. न्यूट्रल सगळ्या सर्किटांचे बोर्डातल्या एकाच पट्टीवर कायमचे जोडलेले असतात. गळती फेजच्या बाजूची असेल तर एमसीबी खाली केल्यावर ती सुटते. गळती न्यूट्रलच्या बाजूची असेल तर एमसीबी खाली करा नाहीतर उपकरणाचा स्विच बंद करा, ती जिथल्या तिथे राहते. कारण तो स्विचही फेजच तोडतो.

आणि न्यूट्रल म्हणजे शून्य व्होल्ट हे पुस्तकातलं चित्र. प्रत्यक्षात न्यूट्रलच्या तारेला स्वतःचा थोडा रोध असतो. तिच्यातून मोठा करंट परतू लागला की घराच्या टोकाला न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात एक-दोन व्होल्टचा फरक पडतो. हॉलच्या सॉकेटवर मीटर लावून मोजलं. घरात जड काही चालू नसताना ०.३ व्होल्ट. नंतर इंडक्शन लावलं तर १.८ व्होल्टपर्यंत चढलेला आकडा दिसला आणि लगेच सगळं बंद.

हे १.८ व्होल्ट कुणाला साधा झटकाही देणार नाहीत. पण न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात कुठेतरी ५०-६० ओहमचा पूल पडलेला असेल तर तेवढ्यावर ३० मिलिॲम्पिअर सहज वाहतात. इस्त्री निर्दोष, इंडक्शनही निर्दोष. त्यांनी न्यूट्रलमध्ये फक्त थोडा दाब तयार केला. भोक दुसरीकडेच होतं.

इथे काकूंचं फोनवरचं वाक्य आठवलं.

न्यूट्रल सोडवून शोध

मेन स्विच बंद केला, आरसीसीबी खाली केला. आरसीसीबी दोन्ही पोल तोडतो, त्यामुळे घरातली न्यूट्रल पट्टी बाहेरच्या न्यूट्रलपासून सुटी झाली. पट्टीवर खरोखर वीज नाही याची मीटरनं खात्री केली. आधी चालू पॉइंटवर मीटर बघितला, मग बंद पॉइंटवर, मग पुन्हा चालू पॉइंटवर. त्यासाठी शेजारच्या घरातून एक चालू पॉइंट मागून घेतला. मीटरच बिघडलेला असेल तर तोही शून्यच दाखवतो, म्हणून हे दोन वेळचं बघणं.

मग न्यूट्रल पट्टी ते अर्थ पट्टी रोध मोजला. तो मेगाओहममध्ये यायला हवा होता. आला ४०-५० ओहमच्या दरम्यान आणि एका जागी ठरेना. एकेक न्यूट्रल सोडवत गेलो. दिवे, फरक नाही. हॉल, नाही. स्वयंपाकघर, नाही. बाथरूमचा न्यूट्रल सोडवला आणि आकडा उडून मेगाओहममध्ये गेला. या सगळ्याला दहा मिनिटंही लागली नाहीत. म्हणून आता न्यूट्रल सोडवायची पायरी मी एमसीबीच्या पायरीच्या आधी घेतो.

बाथरूमच्या त्या सर्किटवर गिझर सोडून काहीच नव्हतं. शिडी लावली, प्लग काढला.

एलिमेंटची साक्ष

आता सगळी मोजणी प्लगच्या तीन पिनांवर. थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी ठरावीक तापलं की वीज तोडणारा भाग, पाणी थंड असल्यामुळे जोडलेला होता, स्विच मध्ये येत नव्हता, म्हणजे पिनांमधून थेट एलिमेंट दिसत होतं.

फेज ते न्यूट्रल : २६.६ ओहम.

एलिमेंट तपासणं म्हणजे बहुतेक ठिकाणी एवढंच असतं. व्होल्टेजचा वर्ग भागिले वॉट, म्हणजे ५२,९०० भागिले २०००, उत्तर २६.४५ ओहम. आपला आकडा त्याला अगदी चिकटून. कॉइल तुटलेली नाही, शॉर्ट नाही. 'एलिमेंट चांगलं आहे' असं म्हणून मीटर पिशवीत टाकणारे लोक मी पाहिले आहेत. एके काळी मीही त्यांच्यातलाच. पण हा आकडा फक्त आतली तार शाबूत आहे एवढंच सांगतो. ती तार बाहेरच्या नळीपासून अलग आहे की नाही, याबद्दल तो काहीच बोलत नाही.

त्यासाठी एलिमेंटची रचना डोळ्यासमोर हवी. मधोमध नायक्रोमची तार स्प्रिंगसारखी गुंडाळलेली. तिच्याभोवती ठासून भरलेली मॅग्नेशियम ऑक्साइडची पांढरी पूड. ही पूड उष्णता जाऊ देते, वीज अडवते. बाहेर तांब्याची किंवा इन्कलॉयसारख्या मिश्रधातूची नळी. पुडीचा एक दुर्गुण आहे, ती पाणी शोषते. नळीला केसाएवढी भेग पडली की पूड ओली होते आणि मग वीज अडवणं विसरते.

न्यूट्रल ते अर्थ : सुमारे ४६ ओहम.
फेज ते अर्थ : सुमारे ६२ ओहम.

'सुमारे' म्हणण्याचं कारण असं की दोन्ही आकडे हलत होते आणि मीटरच्या तारा उलट-सुलट लावल्या की चार-पाच ओहमनी बदलत होते. कोरड्या धातूचा रोध असा बदलत नाही. मध्ये क्षाराचं पाणी आणि दोन वेगवेगळे धातू असले की तिथे एक छोटी बॅटरीच तयार होते आणि तिचा दाब मीटरच्या मोजणीत घुसतो. म्हणून दोन्ही बाजूंनी मोजून मधला आकडा धरला. पण आकडा न ठरणं हीच मुळात साक्ष होती की आत ओल आहे.

या दोन आकड्यांमधून आणखी एक गोष्ट निघते. दोन्ही मोजण्यांत गळतीच्या जागेचा रोध समाईक आहे. फरक फक्त तारेच्या दोन तुकड्यांचा. ६२ उणे ४६, म्हणजे १६ ओहम. दोन तुकड्यांची बेरीज २६.६ आणि वजाबाकी १६, तर लहान तुकडा ५.३ ओहमचा आणि मोठा २१.३ चा. म्हणजे भेग न्यूट्रलच्या टोकापासून साधारण एक पंचमांश अंतरावर. आकडे हलते असल्यामुळे मी याला ढोबळ अंदाजच म्हटलं, पण कागदावर लिहून ठेवलं.

आता सगळी लक्षणं जागच्या जागी बसतात. स्विच बंद असताना न्यूट्रलपासून अर्थपर्यंत ४६ ओहमची वाट उघडीच. ०.३ व्होल्टला त्यातून साडेसहा मिलिॲम्पिअर जातात, आरसीसीबी राहतो. १.८ व्होल्टला ३९ जातात, पडतो. संध्याकाळी घरात काही चालू नसताना पडायचा, कारण बाहेरच्या सामायिक न्यूट्रलवर तेव्हा आजूबाजूच्या घरांचा भार चढलेला असतो आणि न्यूट्रलचा दाब आपल्या घरातल्या स्विचांना विचारून वाढत नाही.

स्विच चालू केला तर? एक पंचमांशाच्या जागी अर्थच्या तुलनेत २३० चा पाचवा हिस्सा, म्हणजे ४६ व्होल्ट. त्या गळतीतून सुमारे १ ॲम्पिअर अर्थमध्ये. आरसीसीबी तत्क्षणी पडणार. पण एमसीबी? एलिमेंटचे ८.७ ॲम्पिअर आणि वर हा एक, सोळाच्या एमसीबीला त्याचं काहीच वाटणार नाही.

म्हणून तो आरसीसीबी काढून टाकायचा सल्ला. तो पाळला असता तर गिझर बिनतक्रार चालला असता. पाणी वेळेत गरम, इस्त्री सुरळीत, इंडक्शन सुरळीत. फक्त टाकीतल्या पाण्यातून आणि अर्थच्या तारेतून एक ॲम्पिअर सतत वाहत राहिला असता. अर्थची तार कधीतरी सैल झाली की गिझरचं अंग, नळ, शॉवर सगळं ४६ व्होल्टच्या आसपास. आणि सॉकेटमध्ये फेज-न्यूट्रल उलटे जोडलेले असते, जे अजिबात दुर्मिळ नाही, तर तोच आकडा १८४ व्होल्ट. ओलं अंग, ओली फरशी. काकूंना एवढंच म्हणालो, "आरसीसीबी पडत होता म्हणून आपण आज फक्त गिझरबद्दल बोलतोय."

आधीच्या कारागिरानं टेस्टर नळाला लावून 'गळती नाही' असंही सांगितलं होतं. तो टेस्टर पेटणारच नव्हता. स्विच बंद असताना नळावर काही नव्हतं, अर्थिंग शाबूत होतं आणि समजा ४६ व्होल्ट आले असते तरी निऑनचा दिवा एवढ्याशा दाबाला पेटत नाही. टेस्टर पेटला तर काहीतरी कळतं. न पेटल्याचा अर्थ 'सुरक्षित' असा लावू नये.

शेवटची खात्री मेगरनं, म्हणजे मोठं व्होल्टेज लावून गळती तपासणाऱ्या मीटरनं. गिझरचं खालचं झाकण काढलं, तारांचा फोटो काढला, एलिमेंटच्या दोन्ही टर्मिनलांच्या तारा सोडवल्या आणि ५०० व्होल्टवर टर्मिनल ते नळी मोजलं. काटा शून्यावरून हललाच नाही. याआधी इंडिकेटर, थर्मोस्टॅट, वायर यांच्यावर थोडा तरी संशय घ्यायला जागा होती. आता उरली नाही.

टाकी रिकामी करणं

हे काम शिडीवर उभं राहून, वीज आणि पाणी एकत्र असलेल्या जागी करायचं आहे. मीटर हाताळायची सवय नसेल तर मोजणी वाचून समजून घ्या, पण पाना सवयीच्या माणसाच्या हातात द्या. प्लग काढलेला होताच. शिवाय बाथरूमचा एमसीबी खाली करून त्यावर चिकटपट्टी लावली, म्हणजे कुणी सहज वर करणार नाही.

थंड पाण्याचा कॉक बंद केला. आता गरम पाण्याचा नळ सोडला की टाकी रिकामी होईल असं बऱ्याच जणांना वाटतं. होत नाही. उभ्या गिझरमध्ये गरम पाण्याची नळी आत टाकीच्या माथ्यापर्यंत गेलेली असते आणि थंड पाणी तळाशी येतं. थंड पाणी खालून ढकलतं तेव्हा वरचं गरम पाणी बाहेर पडतं. ढकलणारं पाणी बंद केलं की नळातून थोडी धार येऊन थांबते आणि टाकी भरलेलीच राहते. तो नळ उघडा ठेवायचा तो हवा आत जायला. पाणी काढायचं थंड पाण्याच्या बाजूनं. तिथे व्हॉल्व्हमध्ये एकदिशा झडप असते, ती पाणी मागे येऊ देत नाही. म्हणून व्हॉल्व्हची कडी उचलून किंवा जोडणी सैल करून खाली नळी लावावी लागते. इथे कडी क्षारांनी जाम झाली होती. हे वेगळं दुखणं, कारण टाकीतला दाब वाढला तर तोच व्हॉल्व्ह उघडायचा असतो. तोही बदलायच्या यादीत गेला.

पाणी तीन आठवडे साठलेलं, त्यामुळे थंड. भाजायची भीती नव्हती, वास मात्र होता. बादलीत शेवटी शेवटी पांढरट गाळ आला.

एलिमेंट ज्या चकतीवर बसवून टाकीला आवळलेलं असतं त्या फ्लँजचे सहा बोल्ट. चार सरळ सुटले, दोन गंजलेले. गंज सोडवायचं तेल मारून अर्धा तास थांबलो. अशा वेळी घाई करून बोल्ट तुटला की कामाचं स्वरूपच बदलतं, मग एलिमेंटऐवजी अख्खा गिझर बदलायच्या गोष्टी सुरू होतात. थर्मोस्टॅटचा दांडा त्याच्या नळीतून आधीच ओढून बाजूला ठेवला.

बोल्ट सुटले, फ्लँज सुटली, पण एलिमेंट बाहेर येईना. क्षाराचा थर इतका जाड झाला होता की एलिमेंट भोकापेक्षा मोठं झालं होतं. ओढाओढ केली तर टाकीच्या आतल्या काचेच्या लेपाला चरा पडतो आणि मग टाकी त्या चऱ्यातून गंजते. लाकडी पट्टी आत घालून एलिमेंट हळूहळू फिरवत थर तोडला. खपल्या बादलीत पडत राहिल्या. वीस मिनिटांनी एलिमेंट हातात आलं. टाकीतला उरलेला क्षार हातानं आणि पाण्याच्या फवाऱ्यानं काढला, दोन ओंजळी भरून निघाला.

एलिमेंटवर तीन-चार मिलिमीटरचा थर. क्षाराचं पाणी तापलं की त्यातले विरघळलेले बायकार्बोनेट मोडतात आणि कॅल्शियम कार्बोनेट घट्ट होऊन सर्वांत तापलेल्या पृष्ठभागावर बसतं, म्हणजे नेमकं एलिमेंटवरच. यावरून वीजबिल खूप वाढतं असं सरसकट सांगितलं जातं, ते मला पटत नाही. एलिमेंट पाण्यात बुडालेलं आहे, त्यातली उष्णता पाण्याशिवाय जाणार कुठे? खरा तोटा वेगळा आहे. थर उष्णता अडवतो, त्यामुळे तेवढीच उष्णता बाहेर ढकलायला नळीला जास्त तापावं लागतं. रोज जास्त तापणं, रोज निवणं, यात धातू थकतो. वळणाच्या जागी सर्वांत आधी.

खपली काढत न्यूट्रलच्या टर्मिनलकडून मोजत गेलो. पहिल्याच वळणावर नळीला अर्ध्या नखाएवढी उभी भेग, कडा हिरवट-काळ्या. कागदावरचा एक पंचमांश तिथेच पडत होता. एवढं जुळेल असं मलाही वाटलं नव्हतं. सुरुवातीचे दिवस आरसीसीबी दहा मिनिटांनी का पडायचा, याचाही उलगडा बहुधा इथेच असावा. भेग नवी असताना थंड नळीत मिटलेली राहायची, नळी तापून फुगली की फाकायची. मोठी झाल्यावर मिटेनाशी झाली.

फ्लँजवरच्या मॅग्नेशियमच्या ॲनोडची नुसती मधली तार उरली होती. हा दांडा टाकीऐवजी स्वतः गंजण्यासाठीच बसवलेला असतो. तो संपला की पाळी टाकीची. एलिमेंट बदलताना ॲनोड न बदलणं म्हणजे उघडलेलं पोट टाका न घालता सोडून देण्यासारखं आहे.

नवं एलिमेंट आणि त्याचं रुसणं

नवं घेताना जुनं सोबत नेलं. वॉट आणि व्होल्ट तेच, फ्लँजचा व्यास, बोल्टांची संख्या, थर्मोस्टॅटच्या नळीची लांबी आणि एलिमेंटचा वाक, सगळं ताडून पाहिलं. जास्त वॉटचं घालून पाणी लवकर तापवायचा मोह टाळावा. वायर, सॉकेट, थर्मोस्टॅट हे जुन्या करंटच्या हिशेबानं बसवलेले असतात.

बसवण्याआधी नवंही मोजलं. फेज-न्यूट्रल २६.७, उत्तम. मेगरवर टर्मिनल ते नळी मात्र ०.८ मेगाओहम. कोऱ्या एलिमेंटकडून मला यापेक्षा कितीतरी जास्त हवे होते. पहिला विचार परत करायचा आला. पण जुनी सवय आठवली. पुडीला ओल आवडते आणि दमट जागी महिनोन्‌महिने पडलेल्या एलिमेंटमध्ये ती टोकांच्या सीलमधून हळूहळू शिरते. गॅस्केट (फ्लँजखालची रबरी चकती) काढून एलिमेंट १२० अंशांवर तीन तास ओव्हनमध्ये ठेवलं, निवू दिलं आणि पुन्हा मोजलं. २०० मेगाओहमच्या पलीकडे. ओल होती, ती गेली. तापवूनही आकडा वर आला नसता तर ते बसवलं नसतं.

थर्मोस्टॅट जुनाच ठेवला. त्याचा दांडा गरम पाण्यात धरून पाहिला, ६० च्या खुणेवर ६२ अंशांना टक् करून तुटला, निवल्यावर जुळला, संपर्काचा रोध नगण्य. चालतोय तो कशाला फेकायचा? फेजच्या टर्मिनलचा लग, म्हणजे तारेच्या टोकाला दाबलेली धातूची टोपी, मात्र काळा पडलेला होता, तो कापून नवा दाबला. सैल जोडणीत अर्धा ओहम जरी असला तरी ८.७ ॲम्पिअरला तिथे ३८ वॉटची उष्णता तयार होते, आणि तीही प्लास्टिकच्या झाकणाखाली.

बसण्याची जागा पुसून नवं गॅस्केट, नवा ॲनोड. बोल्ट समोरासमोरचे जोडीनं, थोडे थोडे करत आवळले. एकच बाजू आधी पूर्ण आवळली की गॅस्केट दुसऱ्या बाजूला उचलतं. मग नवा व्हॉल्व्ह, आणि वीज जोडायच्या आधी पाणी. गरम पाण्याचा नळ उघडा ठेवून थंड पाणी सोडलं. आधी नळ खोकतो, हवा सोडतो, मग अखंड धार येते. ती अखंड धार दिसल्याशिवाय स्विचला हात लावायचा नाही. कोरडं एलिमेंट चालू झालं तर काही क्षणांत लाल होतं आणि केलेलं सगळं काम पाण्यात जातं, खरं तर पाण्याविना जातं.

फ्लँज पंधरा मिनिटं कोरडी राहिली. भरलेल्या टाकीवर पुन्हा मेगर, १८० मेगाओहम. तारा जोडल्या, झाकण लावलं.

नंतरची तपासणी

सॉकेटचा साधा स्विच काढून तिथे फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा डीपी स्विच बसवला. हा आधीच असता तर गिझर बंद म्हणजे खरोखर बंद राहिला असता आणि इस्त्रीवर आळ आला नसता.

पाणी २५ अंशांचं होतं, ६० पर्यंत न्यायचं. हिशेबानं २५ लिटरला ३५ अंश म्हणजे सुमारे ३६६० किलोज्यूल, २ किलोवॉटला साडेतीस मिनिटं. थर्मोस्टॅट ३३ व्या मिनिटाला तुटला. टाकीच्या अंगातून जाणारी उष्णता धरता हे ठीकच. ६० वरच ठेवायला सांगितलं. त्याहून जास्त ठेवलं तर क्षार झपाट्यानं बसतो आणि कायम कोमट, चाळीसच्या आसपास ठेवलं तर साठलेल्या पाण्यात लेजिओनेलासारखे जंतू वाढायला पोषक वातावरण मिळतं.

खरी परीक्षा पुढे होती. गिझर चालू, इंडक्शनही चालू, हॉलमध्ये इस्त्री. न्यूट्रल-अर्थमधला फरक मोजला, २.९ व्होल्ट, म्हणजे आधी ज्यावर आरसीसीबी पडत होता त्याहूनही जास्त. आरसीसीबी जागचा हलला नाही. दाब होता तसाच होता, भोक बुजलं होतं. नंतर त्याचं टेस्ट बटण दाबून तो पडतो याची खात्री केली.

जाताना काकूंनी जुनी इस्त्री आणून समोर ठेवली. वायर गुंडाळून, भंगारात द्यायला काढलेली. मेगरवर लावली : २०० मेगाओहमच्या पलीकडे. काकू नव्या इस्त्रीच्या खोक्याकडे बघत म्हणाल्या, "मग ही आता परत घेतील का रे ते?"